गोल विहीर

पोळ्याच्या आदल्या दिवशी आई दाराशेजारची भिंत पांढऱ्या मातीने पोतारायची आणि गेरूने आमचं शेत काढायची. बैल बाजूने दिसायचे, विहीर मात्र वरून, पूर्ण गोल. आत पाणी आणि पाण्यात एक कासव.

दोंडाईच्याला हायस्कुलात असताना मी चित्रकलेची सरकारी परीक्षा पास झालो. लांबून पाहिलं की गोल वस्तू चपटी दिसते, हे मला नुकतंच कळलं होतं. त्या पोळ्याला मी ओल्या फडक्याने आईची विहीर पुसली आणि नियमाप्रमाणे लंबगोल काढली. कासवाला जागाच उरली नाही.

"इहीर चपटी करी टाकी? बादली कशी जाई?" आई हसत म्हणाली.

"साहेबनी इहीर शे ती," वडील म्हणाले. "तिले कोठलं पानी!"

मीही हसलो. पण पुढच्या पोळ्याला आईने बाकी सगळं शेत काढलं आणि विहिरीची जागा कोरी ठेवली. "ती तू काढ. माले नही येत."

मी दर पोळ्याला काढत राहिलो. मला त्याचा अभिमानच होता.

पुढे धुळ्याच्या कॉलेजात इतिहासाचे सर एकदा म्हणाले, "इंग्रजांनी इथे चित्रशाळा काढल्या, त्या आपल्याला चित्र येत नाही असं धरूनच. ते गेले म्हणता? आईच्या हातचं आपल्याला चूक वाटतं, तोवर कुठे गेले? नुसतं मत द्यायला मिळालं म्हणजे सुटलो असं समजू नका."

बाकीचे लिहून घेत होते. मला ते फडकं आठवलं.

चित्रकलेच्या मास्तरांचे माझ्यावर उपकारच आहेत. लंबगोलही खराच आहे. पुसायला मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

त्या पोळ्याला घरी गेलो, तर जागा कोरीच होती.

"आई, तू काढ ना."

"तू शाळा शिकेल शे. तूच काढ." तिने गेरूची वाटी पुढे केली.

मी गोल काढायला घेतला. हाताला सवय नव्हती. एक बाजू बसकी झाली. आई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने फडकं भिजवलं आणि माझी विहीर पुसून टाकली.

"आशी नही रे भाऊ."

एका दमात तिने गोल ओढला, गेरूत बोट बुडवलं आणि पाण्यात कासव सोडलं.