तवा ऐकणाऱ्या मीराबाई

कोपरच्या आमच्या चाळीत मीराबाई माझ्या शेजारी राहतात. वय अडुसष्ट. बत्तीस वर्षं शाळेत शिपाई होत्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी स्वयंपाक स्वतःच करायच्या. यंदा मार्चमध्ये गॅसवर पदर पेटला. लगेच विझवला, पण मुलगा धम्मपाल ठाण्याहून आला, सिलिंडर काढून नेला आणि इंडक्शन शेगडी ठेवून गेला.

"आई, महिनाभर बघतो. यावर जमलं नाही तर माझ्याकडे यायचं."

"तुझ्या अकराव्या मजल्यावर मी काय करू? भिंती मोजू?" मीराबाई म्हणाल्या.

शेगडीची काच सपाट, बोटाला बटण लागत नाही. पलीकडच्या वैशालीनं प्रत्येक बटणाच्या खाली टिकली चिकटवून दिली. जुना तवा बुडाला गोल. तो काचेला नीट टेकेना, शेगडी टूं टूं करून बंद पडे. मी सपाट बुडाचा लोखंडी तवा आणून दिला. आमची मदत एवढीच.

ओल्या बोटाला बटण दाद देत नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून आधी हात पुसायचा, मग बटण. एकदा दाबलं की एक टूं. तवा मंद तापवायचा, नंतर तीन टूं वाढवायचं. भात-डाळ आठवड्यात जमली. भाकरी जमेना. जाळ नाही, तर फुगवायची कशी? रोज दोन-तीन करपायच्या. त्यातल्या बऱ्याच मी खाल्ल्या.

बाविसाव्या दिवशी फुगली. मी फिटर होतो. इतक्या कमी दिवसांत हात बसलेली माणसं कारखान्यात फार थोडी पाहिली.

महिना भरला त्या रविवारी धम्मपाल आला. मीराबाईंनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. तो दारात उभा राहून बोलतच होता. लिफ्ट आहे, बाग आहे, नातू आहे. पहिली भाकरी करपली.

"बघ आई, मी काय म्हणत होतो..."

"अरे, तोंड बंद ठेव जरा! तवा ऐकू दे. तुझ्या लिफ्टपायी गेली ती."

पंखाही त्यानं बंद केला. दुसरी भाकरी पडली. कडेनं उतरलेलं पाणी चुरचुरलं. चुरचुर थांबताच मीराबाईंनी भाकरी उलटली. थोड्या वेळानं वास घेतला, पुन्हा उलटली आणि घडी केलेल्या फडक्यानं कडा दाबत गेल्या. भाकरी टम्म फुगली.

धम्मपालनं चार खाल्ल्या. पाचवी मागितली.

"पीठ संपलं," मीराबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये. येताना ज्वारी दळून आण, बारीक."

"किती किलो?"

"पाच. मी इथंच आहे."

संध्याकाळी तो एकटाच ठाण्याला गेला.