आटोपलेल्यांचा रकाना

कळंबच्या आमच्या गल्लीत बातमी फिरली, की शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरीला असलेल्या शीलाबाईला रोज सकाळी पाव तास उभं राहायची शिक्षा होते. गल्लीनं कारणही ठरवून टाकलं: बाईनं साहेबाला उलट उत्तर दिलं असणार. शिक्षाबिक्षा काही नव्हती. उभी अख्खी संस्थाच राहायची, साहेबासकट. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकानं दोन दिवस घोकून घेतलं होतं, की बसलं की बैठक लांबते. कामाचेही त्यानं पंधरा-पंधरा दिवसांचे 'स्प्रिंट', म्हणजे धावेचे टप्पे, पाडून दिले. जीपवाला गफ्फार म्हणाला, धावतो की, पण तांड्यावर रस्ता कुठं आहे? मग भिंतीवर फळा लागला, त्यावर तीन रकाने. करायचं, चालू... आणि संपलेल्या कामाला इथं काय म्हणता, असं प्रशिक्षकानं विचारलं. गफ्फारनंच दात काढत सुचवलं: आटोपलं. आमच्याकडं माणूस आटोपला म्हणजे तिरडी बांधायला घ्यायची. सगळे खाली बघून हसले. प्रशिक्षकाला वाटलं, मंडळी रमली.

त्या हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीनं माणसं. फळ्यावर चिकटवलेल्या, शीलाच्या वाट्याच्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रूपसिंग, तांडा. डोळे.' तिनं त्याला तीनदा यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी सांगितलं, नजर आता परत येणार नाही. तरी ती तांड्यावर जात राहिली. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून रूपसिंग विचारायचा, कापूस फुटला का ताई? ती फुटला म्हणायची. बोंडं किडली होती, तेवढं गिळायची.

चिठ्ठी 'चालू'तच राहिली. साहेबांचा हिशेब सरळ होता: भेटी झाल्या, दवाखाना झाला, काम संपलं. मार्चपर्यंत ज्याच्या चिठ्ठ्या शेवटच्या रकान्यात जाणार नाहीत, त्याची नेमणूक वाढणार नव्हती. आणि शीलाच्या घरात पगार तेवढा एकच. कागदच तर आहे, सरकव, असं गफ्फारनंही समजावून पाहिलं. आपल्या शब्दाचं त्याला आता हसू येत नव्हतं.

मार्चातल्या शेवटच्या बैठकीत साहेबांनी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली आणि तिसऱ्या रकान्याकडं बोट दाखवलं. शीलानं ती पुन्हा मधेच लावली. डिंक सुकला होता, चिठ्ठी गळून पडली. तिनं वाकून उचलली, अंगठ्यानं फळ्यावर दाबून धरली आणि म्हणाली,

"सर, रूपसिंग जिता हाये. आटोपल्यात कोनाचं तरी नाव लागलंच पाह्यजे, तं माहं लावा."