मार्सेलपासून धरलेली जागा

आधी माझा गाढवपणा सांगते, मग बाकीचं. ज्या स्टेशनावर मी उभ्या जन्मात पाय ठेवला नव्हता, तिथून मी माझं आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीचं तिकीट काढलं. का? तर स्वस्त पडत होतं म्हणून. वर स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश, की नांदेडच्या आमच्या गल्लीत चार घरी जाऊन सांगून आले.

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. आमच्या वडिलांनी अंगारे-गंडे घरातून केव्हाच हद्दपार केले होते. संध्याकाळी बुद्धवंदना, मग अभ्यास, मग जेवण... भुताला यायला टाइमच नव्हता. आणि आता मीच लिहायला बसलेय. हसा खुशाल.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकसष्टची, म्हणजे अगदीच पोर! नवा पासपोर्ट, नवा मोबाइल आणि हिरव्या साडीखाली नवेकोरे पांढरे बूट. मुलगी मीनल आणि तिची राही फ्रान्समध्ये लिऑनला, मुलगा सुशांत जर्मनीत फ्रँकफर्टला. उन्हाळ्यात मीनलकडं जायचं ठरलं. ती फोनवर म्हणाली, "आई, मला सुट्टी न्हाई. राहीला घेऊन तूच जाऊन ये दादाकडं. विमानाचं काढून देते."

"विमान कशाला गं? रेल्वे काय मेली का?"

झालं. तीन महिने आधीपासून मी नांदेडात बसून तिकडची रेल्वे पालथी घातली. तिकडं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एक रस्ता बासेलवरून, गाड्या बदलत. दुसरा स्ट्रासबुर्गपर्यंत रेल्वेनं आणि तिथून ट्रामनं — हो, गावातली साधी ट्राम नदी ओलांडून जर्मनीतल्या केल नावाच्या गावात नेऊन सोडते, पुढं तिकडच्या रखडत जाणाऱ्या गाड्या. सगळं वहीत उतरवलं. आणि तिसरी एक थेट गाडी सापडली. मार्सेलहून निघणारी, लिऑनवरून सरळ फ्रँकफर्ट. गंमत अशी की लिऑनपासूनचं तिकीट महाग, आणि मागच्या मार्सेलपासूनचं सवलतीत, जवळपास निम्म्यात!

आता मराठवाड्यातल्या माणसाला यात काय शिकवायचं? नांदेडहून सीट मिळेना, तर मागच्या स्टेशनापासून काढायचं आणि नांदेडला चढायचं. मी तेच केलं. मार्सेल ते फ्रँकफर्ट, शेजारशेजारच्या दोन जागा, दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर. लिऑनपर्यंत रिकाम्या जातील तर जाऊ देत. रिकाम्या जागेला काय होतंय?

जूनची लख्ख दुपार. लिऑनला मीनलनं आम्हाला चढवून दिलं. बॅगा खालच्या मजल्यावर, दाराजवळच्या मांडणीत ठेवल्या आणि जिना चढून वर गेलो. आमची खिडकीची जागा... तिच्यावर एक पांढरा रुमाल पसरलेला.

ज्यांनी लातूर स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलीय, त्यांना जास्त सांगायला नको. नोकरीच्या काळात मी लातूरला राहायचे, औशाला कॉलेजच्या ऑफिसात, रोजची ये-जा. रुमाल टाकण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी मोठ्यानं हसले. "बघ गं राही, आपल्यातलीच कुणीतरी बसून गेली इथं!" रुमाल उचलून खिडकीच्या कडेला ठेवला, राहीला आत बसवलं, मी बाजूला टेकले.

माझी सीट कोमट होती.

गाडी सुटली आणि थोड्या वेळानं टीसी आला. पिकल्या मिशांचा, हसरा माणूस. मला बघून ओळखीचं हसला आणि मी मोबाइल पुढं केला तर हातानंच नको म्हणाला. मग फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. मला फ्रेंच म्हणजे नमस्कार आणि पाव, एवढंच. दुभाषी राहीच.

"काय म्हणून राहिले गं?"

"म्हणतेत, तुमचं तिकीट मी मघाशीच बघितलं."

"मघाशी कुठं? आत्ता तर चढलो. नीट ऐक."

"तसंच म्हणतेत, आजी. मार्सेल सुटल्यावर बघितलं म्हणे. तू इथंच बसली होतीस."

पोरगी माझ्यावर गेलेली, त्यामुळं मला वाटलं हिचाच वात्रटपणा. "आजीची मजा करतीस का गं?" म्हणून डोळे वटारले, तर तिचा चेहरा रडवेला झाला. तेवढ्यात टीसीनं त्याच्या हातातलं यंत्र माझ्यापुढं धरलं. आमची दोन्ही तिकिटं तपासलेली. वेळ लिऑनच्या तासभर आधीची.

मग तो सावकाश, तोडक्या इंग्रजीत बोलला, ते मलाही समजलं. हीच हिरवी साडी. हेच बूट, बुटांकडं बोट दाखवून तो पुन्हा हसला. तेव्हा मी एकटीच होते म्हणे. दुसरं तिकीट कुणाचं असं त्यानं विचारलं, तेव्हा मी रुमालावर हात ठेवून सांगितलं — छोटी मुलगी लिऑनला चढणार आहे, तिची जागा धरलीय.

"मी हे कुठल्या भाषेत सांगितलं?" मी विचारलं.

"फ्रेंचमध्ये, मॅडम. फार सुंदर बोलता तुम्ही."

"आणि मग कुठं गेले मी?"

त्याला ती थट्टा वाटली असावी. खाली जाणाऱ्या जिन्याकडं हात करून तो पुढं गेला.

मी तो रुमाल उचलला. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं पान, त्याचं टोक वाकडं. माझ्याच हातचं. पर्समधून पडला असेल म्हणून पर्स उघडली... माझा रुमाल आतच होता. दोन्ही मांडीवर ठेवले. दोन्ही पानं तिथंच वाकडी.

त्या वेळी खरं तर बोंब मारायला हवी होती. पण मी शहाणी! गप्प बसले. कुणाला काय सांगणार, आणि कुठल्या भाषेत? मी फक्त राहीचं मनगट धरून ठेवलं. बाहेर मक्याची शेतं, गाई, छान ऊन... आणि माझी नजर जिन्यावर. एकेक डोकं वर येताना दिसलं की मी राहीला आणखी जवळ ओढायची.

दोनेक तासांनी राही म्हणाली, "आजी, शूला लागली."

"धर थोडं."

"मघापासून धरलीय."

"अजून धर, माय. मामाच्या घरी जाऊ की."

ती रडायलाच लागली. संडास खाली, जिन्याजवळ, बॅगांच्या मांडणीसमोरच. शेवटी तिला छातीशी धरून उतरले. दारावर लाल दिवा. आत कुणीतरी होतं. आम्ही थांबलो. मी हळूच दार वाजवलं.

आतून खोकला आला. दोन छोटे आणि एक लांब. ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधल्या धुळीनं मला दिलेला खोकला. आपला खोकला माणसाला दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकायला मिळत नाही, तरी ओळखू येतो... लगेच येतो.

राहीनं माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं. "आजी, तू—"

मी तिला उचलून जिना चढले. माझ्या गुडघ्यांनी तो जिना कसा चढला ते त्यांनाच माहीत. पोरीची पँट ओली झाली, माझी साडीही. बिचारी "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मी दोन्ही रुमाल सीटवर टाकले, माझासुद्धा, आणि ठरवलं — फ्रँकफर्टपर्यंत या गाडीत राहायचं नाही.

स्ट्रासबुर्ग आलं. खाली उतरून मांडणीतल्या बॅगा ओढल्या. मोठी बॅग दुसऱ्या कुणाच्या बॅगेखाली अडकली होती. त्यासाठी राहीचा हात सोडावा लागला. अर्धा मिनिट असेल. कमीच. मग दोघी फलाटावर. गाडी हलली. मी वर बघितलं नाही, तेवढी माझी छाती नव्हती. राही मात्र हात हलवत होती.

"कुणाला टाटा करून राहिलीस?"

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली.

वहीतला तो ट्रामचा रस्ता कामी आला. केलहून रखडत, गाड्या बदलत, रात्री फ्रँकफर्टला पोचलो. सुशांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, बीपीची गोळी चुकली असंल." असेल. यंत्र चुकलं असेल, टीसीनं दुसरीच कुणी बाई बघितली असेल. रुमालाचं मात्र मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि त्या खोकल्याचं सापडावं अशी इच्छाही नाही. चार दिवसांनी मीनल स्वतः आली आणि आम्हाला विमानानं घेऊन गेली. राही आता तेरा वर्षांची आहे. तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, आणि मी आठवण करून देत नाही.

पण त्या रात्री, फ्रँकफर्टच्या जेवणाच्या टेबलावर, सुशांतनं मला विचारलं होतं, "परतीचं तिकीट कुठपर्यंतचं हाय?" मी खाली मान घालून सांगितलं, की उतरायचं लिऑनलाच, पण तिकडूनही मार्सेलपर्यंतचंच स्वस्त पडलं, म्हणून तेच काढलं. राही वरणभात कालवत होती. मान वर न करता ती बोलली, ते शब्दशः असं :

"मला माहिताय, मामा. आजी बॅगा काढत होती ना, तवा संडासातली आजी दार थोडं उघडून म्हणली, आज न्हाई तर न्हाई. येताना तुझी आजी लिऑनला उतरल. आपल्या दोघींचं तिकीट मार्सेलपर्यंत हाय."