सोपान सरांचा चढता पाढा

सोपान सरांना वर्गात कुणी उलटं विचारलेलं खपायचं नाही. निरगुडसरहून ते जुन्नरच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला यायचे. आता शिकवायचे म्हणजे काय, अहो, पाढेच घोकून घ्यायचे! अणूतला इलेक्ट्रॉन उपटायला जी ताकद लागते ती आयनायझेशन एनर्जी, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात डावीकडून उजवीकडे ती वाढत जाते. सरांनी त्याचाही पाढा केला होता. "लिथियमपेक्षा बेरिलियम जास्त, बेरिलियमपेक्षा बोरॉन जास्त..." अख्खा वर्ग एका सुरात निऑनपर्यंत चढायचा आणि सर टेबलावर पट्टीनं ताल धरायचे. त्यांच्या गुरुजींनी त्यांना असंच शिकवलं होतं. मग शंका कशाला येतेय!

एकदा समरीन उठली. गाद्या भरणाऱ्या शौकतभाईंची लेक, वर्गात पहिली.

"सर, पुस्तकात नायट्रोजनची ऑक्सिजनपेक्षा जास्त दिलीय. नायट्रोजनच्या तीन खोल्यांत एकेक इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजनच्या एका खोलीत दोघं कोंबलेले असतात, म्हणून त्यातला एक लवकर सुटतो."

सरांचं डोकं सणकलं. "लई शहाणी झालीस गं! ये, तूच शिकव. मी बसतो बाकावर." वर्ग फिदीफिदी हसला. "आता पाढा म्हण." ती उभ्यानं शेवटपर्यंत म्हणाली.

दोन हजार नऊच्या सीईटीत नेमका तोच प्रश्न आला. चौघांत सगळ्यात जास्त कुणाची, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन? पेपर पाहून सरांनी घरी पुस्तक उघडलं आणि नीट आकडे वाचले. नायट्रोजन वर, ऑक्सिजन खाली. बोरॉनसुद्धा बेरिलियमच्या खाली! सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण पोरांकडून चूक पाठ करून घेतली आणि वर ताल धरला.

अवसरीला इंजिनिअरिंग कॉलेज तेव्हा नवंच निघालं होतं. समरीनला आई नव्हती, घरी दोन धाकटे भाऊ. रोज जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज तेवढंच. यादी लागली आणि तिचा नंबर एका मार्कानं हुकला.

सर तिच्या घरी निघाले. वाटभर मनाला एकच समजूत घालत होते, पोरगी हुशार आहे, तिनं पुस्तकातलंच उत्तर दिलं असणार, मार्क दुसरीकडंच गेला असणार.

शौकतभाई कापूस झटकत लगबगीनं उठले. "या सर, बसा! अवो, हिनं वर्गात तुमाला उलटं विचारलं व्हतं म्हणं. पोरीच्या वतीनं मी माफी मागतो. नंबर न्हाई लागला तरी तुमच्याच हाताखाली शिकली, आमाला लई अभिमान हाय."

सरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "शौकतभाई, चूक माझी होती. तीच बरोबर होती."

"छे छे, असं बोलू नका राव! गुरू कुठं चुकतो व्हय?"

समरीन चहा घेऊन आली. सरांना तिच्याकडं बघवेना, पण विचारल्यावाचून राहवेना.

"बाळा, त्या प्रश्नाला तू काय उत्तर दिलंस?"

"ऑक्सिजन, सर."

"आणि खरं उत्तर?"

"नायट्रोजन."

"ठाऊक होतं, मग असं का गं केलंस?"

तिनं कपबशी त्यांच्या हातात दिली. आवाजात राग नव्हता, असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही शिकवलं होतं ना, सर."