मी वर हाय, तुमी बघा

"मी वर हाय, तुमी बघा."

पोलावर चढण्याआधी आमचा वायरमन एवढंच म्हणायचा. आधी उजव्या हाताची बोटं पोलाला लावायची, तीच कपाळाला लावायची, मग खाली जमलेल्यांकडे वळून विचारायचं, "कुनाचं जनरेटर, इन्व्हर्टर चालू हाय का?" सगळे एका सुरात "न्हाई" म्हणायचे. मग ते वाक्य, आणि गडी सरसर वर. तुमच्याही गावात असा एखादा असेलच. लाइट असते तेव्हा त्याचं तोंडही आठवत नाही, आणि गेली की पहिला फोन त्यालाच जातो.

माझी पिठाची गिरणी आहे, तेलगावच्या पुढे फाट्यावर. गिरणीला थ्री फेज लागते, त्यामुळे माझं आणि त्याचं भांडण रोजचं. डब्यांची रांग लागलेली, जात्यात ज्वारी अडकलेली आणि लाइट गायब. मी फोनवर तडकायचो, "कावून गेली आता?"

"मी काय खिशात घालून नेली का, गिरणीवाले? येतोय की."

यायचा मात्र खरंच. नोकरी कंत्राटी, सायकल सोडून आताच कुठे जुनी मोटारसायकल घेतलेली, आणि अंगावर तीन गावं आणि त्यांच्या वाड्या. लाइट आली की गिरणीत येऊन पोत्यावर बसायचा आणि पांढऱ्या धुळीतच चहा प्यायचा. मी म्हणायचो, बाहेर पी, पीठ पडतंय कपात. तो म्हणायचा, "पडू द्या, तेवढंच पोटाला."

त्याला वेड एकाच गोष्टीचं, हॉकीचं. तो हाकी म्हणायचा. लहानपणी बीडला चुलत्याकडे शिकायला होता, तिथल्या मैदानावर दोन-तीन वर्षं खेळला. पुढे चुलत्याशी बापाचं बिनसलं आणि ह्याला गावी आणलं. गावात हॉकी म्हणजे म्हशी हाकायची काठी. आमच्याकडे सगळे क्रिकेटवाले. कुणी त्याला चिडवलंच तर तो शांतपणे म्हणायचा, "क्रिकेटाला सगळा देश हाय. हाकीला कोन हाय? मी हाय."

आता ह्या माणसाचं नशीब बघा. ऑलिम्पिक असो, आशियाई स्पर्धा असो, आपल्या संघाची मॅच लागली की त्याच्या तीन गावांत कुठंतरी लाइट जायचीच. त्यात जादूटोणा काही नाही. घरोघरी टीव्ही चालू, पंखे चालू, आणि त्याच वेळी शेतातल्या मोटारी चालू. आमची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, म्हातारी; एवढं ओझं आलं की फ्यूज उडालाच. मग फोन ह्याला. हा घरी टीव्हीसमोर ताठ उभा राहून राष्ट्रगीत ऐकायचा आणि संपता संपता चप्पल घालायचा. त्यानं राष्ट्रगीतं सगळी बघितली होती, शेवटची शिट्टी एकदाही नाही.

मग आमचं ठरून गेलं. तो वर पोलावर, मी खाली मोबाईल घेऊन. मी सांगायचो, "आपला चाललाय उजवीकडून, गेला, गेला, पडला." वरून पक्कड हातात घेऊन तो खेकसायचा, "पास द्यायचा हुता की त्यानं. यकटाच कुठं निघाला बे?" आणि बायाबापड्या वर मान करून बघत राहायच्या, हा तारेशी भांडतोय की काय. मी खोटंही सांगून पाहिलं एकदा, गोल झाला म्हणून. त्यानं वरूनच विचारलं, "कुनी मारला?" मला नाव सुचेना. त्यानं मला तिथूनच शिवी हासडली, आणि मी ती गोड मानून घेतली.

त्याचं एकच मागणं होतं. "गिरणीवाले, लई न्हाई, यकच मॅच. बसून, पयल्यापासून शेवटपर्यंत. मग मोकळा."

जपानातल्या ऑलिम्पिकला आपला संघ ब्राँझसाठी खेळणार होता. मॅच सकाळची. मी आदल्या दिवशीच गिरणीच्या दारावर पाटी लावली, उद्या दळण बंद. बायको म्हणाली, मी माहेरी जाते म्हणाले तेव्हा कधी बंद ठेवली नव्हती. तिचंही बरोबर होतं. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारा केला: मॅच सुटेपर्यंत मोटारी लावू नका, वायरमनला मॅच बघायची आहे. पावसानं ओढ दिली होती, कपाशीनं माना टाकल्या होत्या. तरी त्या सकाळी एकानंही मोटार लावली नाही. माझ्या गावाचं मला कधी नव्हे ते कौतुक वाटलं.

गिरणीत टीव्ही मांडला. तो पोत्यावर बसला, धुतलेला शर्ट घालून. राष्ट्रगीत झालं आणि सवयीनं त्याचा पाय चपलेकडे गेला. आम्ही सगळे हसलो. आपण तीन-एकनं मागे पडलो तेव्हा तो पोत्याची सुतळी उसवत बसला. मग आपण बरोबरी केली आणि पुढे गेलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायचंही भान नाही. "बघा," म्हणाला, "बसून बघायला किती सोपं हाय."

शेवटचा भाग चालू झाला. आपण पाच, ते चार. आणि फोन वाजला.

मी म्हणालो, "उचलू नको."

त्यानं वाजू दिला. थांबला. परत वाजला. त्यानं टीव्हीकडे बघतच कानाला लावला. डोंगराच्या अंगाची वाडी, तिथली लाइट गेली होती. वाडीवर एक म्हातारा दम्यानं अंथरुणाला खिळलेला होता, त्याचं ऑक्सिजनचं मशीन लाइटीवर चालायचं. म्हाताऱ्याची सून बोलत होती. ती काय म्हणत होती ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण रडणं ऐकू आलं.

तो उठला. मी चिडलो, खरंच चिडलो, त्याच्यावर नाही, कुणावर ते कळेना. मोटारसायकल मीच काढली. तो मागं बसला, मोबाईल माझ्या खांद्यावरून धरून बघत. खड्ड्यांत चित्र हलायचं.

वाडीच्या तोंडाशी पोल. बोटं पोलाला, कपाळाला. "कुनाचं जनरेटर चालू हाय का?" जमलेले म्हणाले, न्हाई. ते खरंच होतं. तेव्हा वाडीवर जनरेटर नव्हतंच. "मी वर हाय, तुमी बघा," तो मला म्हणाला आणि चढला.

वाडीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे आम्हाला माहीत नव्हतं. बाप निळा पडायला लागला म्हणून म्हाताऱ्याचा थोरला शेजारच्या वस्तीवरच्या मंडपवाल्याचं जनरेटर ट्रॅक्टरवर घालून घेऊन आला होता. घरातला मेन स्विच पाडायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या घाईत आठवलं असतं का? त्यानं जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसली. बापाचं मशीन चालू झालं. आणि तोच करंट उलटा पोलावर गेला.

मी खालून सांगत होतो, शेवटचे काही सेकंद राहिलेत. त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळालाय.

"कुनाला?" वरून आवाज आला.

"त्यांना."

"थांबा, मी बी थांबतो," तो म्हणाला. मी मोबाईलकडे बघत होतो. चित्र अडकलं. ते गोल चाक फिरत राहिलं. वर बघितलं तेव्हा तो कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत होता.

आम्ही त्याला खाली कसं घेतलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मोबाईल धुळीत पडला होता आणि त्यातला माणूस ओरडत होता, आपण जिंकलो म्हणून.

बीडला नेलं, तिथून संभाजीनगरला. जीव वाचला. उजवा हात कोपराखाली काढावा लागला, डाव्याची बोटं आत वळून गेली ती तशीच. वाडीवरचा म्हाताराही वाचला. मग राग कुणावर धरायचा? मी पुष्कळ शोधलं. झोप लागत नसली की एकेकाला समोर उभं करायचो, सुनेला, थोरल्याला, मंडपवाल्याला, आणि एकेकाला सोडून द्यायचो. शेवटी मी एकटाच उरायचो, हात चोळत.

तो परत गिरणीत येऊन बसायला लागला. बायको आणून सोडायची. चहाचा कप मी त्याच्या तोंडाला लावायचो, घाई झाली की म्हणायचा, "जरा दमानं, गिरणीवाले, भाजतंय." म्हाताऱ्याचा थोरला दर आठवड्याला काहीतरी घेऊन यायचा, भाजी, दूध, नाहीतर नुसताच. मान वर करायचा नाही. वायरमन त्याला एकच विचारायचा, "मशीन चालू हाय ना बापाचं?"

"हाय."

"मग झालं."

हॉकीच्या सगळ्या मॅच आता तो बघायचा. "टाइमच टाइम हाय," म्हणायचा. चॅनल मात्र दुसऱ्यानं लावून द्यावं लागायचं. त्या दिवशीच्या कॉर्नरचं त्यानं कधी काढलं नाही, मीही नाही.

आता तो इथं नाही, लेकीकडे पुण्याला गेला. जाण्याआधीची एक संध्याकाळ सांगतो आणि गिरणी चालू करतो.

फ्रान्समधलं ऑलिम्पिक. पुन्हा ब्राँझची मॅच, ह्या वेळी संध्याकाळची. गिरणीत पुन्हा तीच माणसं, तेच पोतं, त्यावर तो. म्हाताऱ्याचा थोरलाही दाराशी बसलेला. पुकारा मात्र ह्या वेळी केला नव्हता. आता ह्याला चढायचं नव्हतं, म्हणून कुणाला सुचलंच नाही. आपण आधी मागे होतो, मग दोन-एकनं पुढे गेलो. शेवटची मिनिटं चालू होती आणि लाइट गेली.

फाट्यावरच्या टॉवरची बॅटरी अलीकडे बाद झालेली, आता तो लाइटीबरोबरच मरतो. मोबाईल मुके झाले. आणि मग आम्ही सगळ्यांनी काय केलं सांगू? सवय हो, दुसरं काही नाही. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघता बे," तो म्हणाला. "मी खाली हाय."

नवा वायरमन तालुक्याला राहतो. येईल तेव्हा येईल. मागून कुणीतरी म्हणालं, "जनरेटर..." आणि तो शब्द तिथंच राहिला. तोच म्हणाला, "लावा की. मेन पाडून लावा, काय हुत न्हाई." कुणी उठलं नाही. थोरल्यानं तोंड गुडघ्यात घातलं होतं.

बऱ्याच वेळानं तेलगावच्या अंगाला फटाके वाजायला लागले.

"जिंकलो वाटतं," तो म्हणाला. आणि मग, "गिरणीवाले, त्या दिवशीच्या कॉर्नरचं काय झालं हुतं वो?"

मी म्हणालो, "मला न्हाई माहीत. चित्र अडकलं होतं. पुन्हा कधी बघितलं न्हाई."

अंधारातून एक जण बोलला. त्या सकाळी तो गिरणीतच थांबला होता. "आपल्या गोलकीपरनं अडवला. बॉल आला तसा अंगावर घेतला आन् बाहेर. मग शिट्टी झाली. मग तो गोलच्या खांबावर चढला."

"खांबावर?"

"हां. वर जाऊन पाय सोडून बसला."

वायरमन हसला. खूप दिवसांनी मोकळं हसला. त्याची बाही हलल्यासारखी वाटली, हात कपाळाकडे न्यायला निघाला असावा.

"उतरला का नीट?" त्यानं विचारलं.

दाराजवळून थोरला म्हणाला, "उतरला. नीट उतरला."

"मग झालं," तो म्हणाला.