कूलरमधली बाई

आमच्या घरात भूत आहे, ही नोंद मी त्या दिवशीच्या यादीत अकराव्या क्रमांकावर केली. (दहावर गॅस सिलिंडर होता. तो जास्त तातडीचा.)

घरात तिघंच होतो: मी, हे आणि सासूबाई. धाकटा दीर गजू मित्राकडे गेलेला. गजू मिमिक्री करतो. लग्नांत, गणपतीत नटांचे आवाज काढण्यात त्याची बारा वर्षं गेली. आता शेंबडी पोरंही तेच आवाज काढतात! मंगळवारी टीव्हीच्या एका कार्यक्रमाची ऑडिशन होती. तिथे नवा आवाज जमला नाही, तर माईक ठेवून ह्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं.

भर दुपार. आमची सगळी धरमपेठ झोपलेली. आणि मागच्या गॅलरीतून एक बाई बोलली. विहिरीतून आल्यासारखा थंड, घुमणारा आवाज.

"मोटर बंद केली का?"

"करतो, करतो!" हे धावत जाऊन मोटर बंद करून आले.

"अहो, उत्तर कोणाला दिलंत?"

"तुले."

"मी तर तुमच्या मागे उभी आहे!"

ह्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आतून सासूबाई ओरडल्या, "काहून मागे लागून राहिली वं? दोनदा सांगितलं न! घेतली मी गोळी!"

मी एकदाही सांगितलं नव्हतं.

पायात चपला, हातात लाटणं, अशी मी गॅलरीत निघाले. हे माझ्या पदराआड. गॅलरीत कोणी नव्हतं. वाळत घातलेली एक चादर, वारा नसताना हलणारी, आणि तिला चिकटून थंडीमुळे बंद ठेवलेला रिकामा कूलर.

कूलर बोलला, "चपला बाहेर! आत्ताच पुसलंय!"

आणि मी काढल्या! अंगावर काटा, हातात लाटणं, तरी दोन्ही चपला भिंतीशी सरळ रेषेत लावल्या.

कूलरची मागची जाळी सरकली. धुळीनं माखलेला गजू बाहेर आला.

"वहिनी, मारू नका! यात आवाज मस्त घुमते. नटांचे आवाज सगळ्यांकडेच आहेत. हा कोणाकडेच नाही."

"पण ही बाई आहे तरी कोण?"

गजूनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चादरीकडे पाहिलं. आतून सासूबाईच म्हणाल्या, "तुलेच ओळखू नाही आली का वं?"

मी लाटणं खाली ठेवलं.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर बुधवारपासून खिळे विकतो," गजू हळूच म्हणाला.

मी पाच अटी घालून परवानगी दिली. गजूची निवड झाली! परीक्षक हसून लोळले म्हणे. फक्त गजू निघताना त्यांनी एक सूचना केली, "ही बाई जरा कमी करा. अशी कोणी खरी नसते."

गजूनं मान डोलावली. त्यानं मला निम्मीच केली होती, हे काही त्यांना सांगितलं नाही.