चौथाई गोळी

मांजर पहिल्यांदा दाराच्या चौकटीला धडकली तेव्हा आई हसली. "म्हातारी झाली, चाल बिघडली," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मांजर पाण्याच्या वाटीत पाय घालून उभी राहिली आणि वाटीच शोधत राहिली. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. डोळे टक्क उघडे, बुबुळं काळीभोर, मोठाली. पापणीसुद्धा लवली नाही.

टेंभुर्णीच्या घरात आम्ही तिघीच. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, आई निवृत्त नर्स, आणि ही सोळा वर्षांची मांजर. आई आरोग्य उपकेंद्रावर नोकरीला होती तेव्हा ही लसींच्या रिकाम्या खोक्यात सापडली होती. तेव्हापासून आईच्या पायथ्याशी झोपायची.

मी सुट्टी टाकली. भाजीच्या क्रेटमध्ये मांजरीला ठेवून वरून ओढणी बांधली आणि जीपनं जालन्याला निघाले. आई हट्टानं सोबत आली. तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे पाहिले, आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलून आले.

"माझ्याकडं शेळ्या, म्हशी, कुत्री. मांजरी कमीच," ते म्हणाले. "वयामुळं बीपी वाढला, त्यानं नजर गेली. ती परत येईल असं वाटत न्हाई. पण बीपी आवरला न्हाई तर पुढं किडनी, न्हाईतर मेंदू." त्यांनी चिठ्ठीवर गोळी लिहिली. "रोज चौथाई. एकदाच, बरं का. जास्त गेली तर तिला झेपायची न्हाई."

आईनं चिठ्ठी वाचली. "अगं, ही तर माझीच गोळी!"

येताना जीपमध्ये ती दोनदा तेच म्हणाली आणि दोन्ही वेळा पहिल्यांदाच म्हटल्यासारखी हसली. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गोळ्यांचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. तीस वर्षं गावोगाव लसी टोचत फिरलेली बाई. तिच्यापेक्षा नीट कोण करणार होतं? स्टीलच्या ताटलीत ब्लेडनं गोळीचे चार तुकडे करायची, एक तुकडा सायीत दाबून मांजरीला चाटवायची, मग स्वतःची अख्खी गोळी घ्यायची. कपाटावर तारखांचा कागद चिकटवला होता. गोळी दिली की त्यावर बरोबरची खूण. शाळेतून आले की मी त्यावर त्या दिवसाची तारीख तेवढी बघायची. ती कधीच रिकामी नसायची.

पहिले काही दिवस मांजर सुधारली. भिंतीला अंग घासत घासत तिनं सगळं घर नव्यानं पाठ केलं. मग ती झोपूनच राहायला लागली. कान गार लागायचे. उठली की मागचे पाय दुमडायचे. त्याच दिवसांत आईचं डोकं दुखायला लागलं. "ऊन लागलं असंल," म्हणत ती कपाळ दाबत बसायची. एकदा सकाळची वंदना म्हणताना ती मध्येच थांबली, परत पहिल्यापासून सुरू केली आणि परत त्याच ओळीवर थांबली.

दोघी एकदमच खंगत होत्या. घरात काहीतरी चाललं होतं आणि कागदावर तर रोजची खूण होती.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून मी दुपारच्या आत घरी आले. दार सताड उघडं. मोरीतल्या ओल्या फरशीवर मांजर कुशीवर पडली होती. जीभ बाहेर. उचलली तर मान लोंबली. श्वास चालू होता. तिला पदरात गुंडाळून मी स्वयंपाकघरात धावले. आई ओट्याशी उभी होती, हातात ब्लेड.

"आई, काय करून राह्यलीस?"

"मांजरीची गोळी. सकाळी राह्यली."

"राह्यली न्हाई. मी निघताना दिलीस तू. माझ्यासमोर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे. "मंग मघाशी कुणी दिली?"

ताटलीशेजारी तिची स्वतःची अख्खी गोळी तशीच पडली होती. तिच्याजवळच कालचीही. मी कपाटावरच्या कागदाकडे पाहिलं. महिना अजून अर्धाही झाला नव्हता, आणि खुणा शेवटच्या तारखेपर्यंत भरल्या होत्या. सगळ्या सारख्या, ठसठशीत, आईच्या वळणदार हातानं केलेल्या.

डॉक्टरांना फोन केला. "गोळी बंद करा, अंगाला ऊब द्या, लगेच घेऊन या," ते म्हणाले. गल्लीतल्या एकाच्या गाडीतून निघालो. सगळ्या रस्त्यात आईनं मांजरीला शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. तेवढ्यात मी आईला शेजारच्या दवाखान्यात नेलं. तिचा बीपी पाहून तिथले डॉक्टर म्हणाले, "एवढ्या बीपीवर तुम्ही चालत आलात कशा?"

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "आई, पुढच्या तारखांच्या खुणा कशाला केल्यास?"

"मधल्या राहून जायच्या," ती म्हणाली. "दिली का न्हाई दिली, मला आठवायचंच न्हाई. तू येऊन बघायचीस. म्हटलं, भरूनच ठेवावं."

"कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीच्या आधीपासून." तिचा आवाज एकदम नोकरीतला झाला, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचा तसा. "पेशंटांत पाह्यलंय मी हे. हळूहळू जातं, पण थांबत न्हाई. दोघींच्या गोळ्या तुझ्याकडं ठेव. मी मागितल्या, भांडले, रडले, तरी देऊ नको."

मी तिचा हात धरला.

मांजर तिसऱ्या दिवशी उठून बसली, आठवड्याभरानं सायीला तोंड लावलं. आता गोळ्या माझ्या कपाटात, कुलपात. शाळेला निघण्याआधी दोघींना मीच देते. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतात. मोठ्या डॉक्टरांनी आईच्या आजाराचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली, जणू त्यांचीच परीक्षा घेत होती.

रोज ती मला तीन-चारदा विचारायची, "तिची गोळी दिली का?" मी हो म्हणायची. तिला बरं वाटायचं. मलाही.

गेल्या रविवारी मांजर सकाळपासून तिच्या मांडीवर होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत अंगणाकडे बघत होती. मी भाजी निवडत समोरच बसले होते. बारा वाजले, एक वाजला. तिनं एकदाही विचारलं नाही.